डाउनटाउनच्या दुकानाची खिडकी मिळतेय, घ्यावी का? कॅलगरीत नव्याने आलेल्या चित्रकारासाठी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: शिक्षण जे. जे.मधलं, वर्षभरापूर्वी पी. आर. (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घेऊन कॅलगरीत आलात, सोबत जलरंगातली निसर्गचित्रं आणलीत, बहुतेक हाफ इम्पिरियल मापाची, कोकण आणि घाटमाथ्यावरची. न्यूकमर मंडळींना मदत करणारी एक संस्था आणि तिथलं व्यापारी मंडळ मिळून डाउनटाउनमधल्या एका रिकाम्या दुकानाची दर्शनी खिडकी डिसेंबर-जानेवारीत तुम्हाला द्यायला तयार आहेत. मानधन नाही, ‘एक्स्पोजर’ मिळेल म्हणतात. विषय सुचवलाय ‘तुमच्या देशाची संस्कृती’. तर ही खिडकी घ्यावी का, जलरंग तिथे कसे लावावेत, काही विकलं जाईल का, आणि ‘न्यूकमर आर्टिस्ट’ हा शिक्का पुढे नडेल का?

खिडकी घ्या. पण अटी बदलून घ्या, आणि ती चित्रं फ्रेम करून ओळीने टांगू नका. मी या शहरात बरीच वर्षं अशा खिडक्या लावते आहे, बहुतेक वेळा नव्याने आलेल्या कलाकारांसाठीच. त्यात चांगली चित्रं वाया जाताना पाहिली आहेत, आणि साधी चित्रं रस्ता अडवून धरतानाही. फरक बहुधा एकाच गोष्टीने पडतो. खिडकीपुढचा माणूस चित्रं बघायला घरातून निघालेला नसतो, हे लावणाऱ्याने धरलं होतं की नाही.

जहांगीरला येणारा माणूस ठरवून येतो. निदान तिथलं सामोवार हे उपाहारगृह होतं तेव्हा चहाच्या निमित्ताने यायचा, पण आत शिरला की चित्रं बघण्याच्या तयारीत असायचा. इथला माणूस सातव्या अॅव्हेन्यूवरची सी-ट्रेन गाठायला निघालाय, हात खिशात, मान खाली, उणे अठरा तापमान. तो तुम्हाला तीन-चार सेकंद देईल. पण नवखे कलाकार एक गोष्ट हिशोबात धरत नाहीत: तोच माणूस उद्या पुन्हा येणार आहे, आणि संध्याकाळी परत त्याच काचेवरून जाणार आहे. गॅलरीत एकच प्रेक्षक एकदा वीस मिनिटं देतो, खिडकीपुढे तोच प्रेक्षक दोन महिन्यांत ऐंशी वेळा चार सेकंद देतो. म्हणून खिडकीत दहा चित्रं एकदम मांडण्यापेक्षा एक मोठं चित्र ठेवून दर आठवड्याला त्यात किंवा त्याशेजारी काहीतरी बदलणं जास्त उपयोगी पडतं. एका इराणी बाईंची खिडकी लावली होती तेव्हा त्या दर सोमवारी सकाळी येऊन एकच वस्तू हलवायच्या. तिसऱ्या आठवड्यापासून समोरच्या इमारतीतले सुरक्षारक्षक सोमवारी दुपारी ‘आज काय हललं’ ते बघायला रस्ता ओलांडून यायला लागले.

तुम्ही कधी मंडळाच्या गणपतीच्या देखाव्यावर काम केलं असेल तर निम्मं शिक्षण झालेलंच आहे. रस्त्यावरून चालणारी गर्दी, लांबून कळायला हवा असा आकार, उजेड कुठून टाकायचा, मागची बाजू कशी झाकायची, हे सगळं तिथे हाताला लागलेलं असतं. जे. जे.तल्या स्टिल लाइफपेक्षा इथे तेच जास्त कामाला येईल.

खिडकी म्हणजे दुय्यम जागा असं मनात असेल तर ते काढून टाका. 1961 साली अँडी वॉरहॉलची चित्रं न्यूयॉर्कमधल्या बॉनविट टेलर या दुकानाच्या खिडकीत, कपडे घातलेल्या पुतळ्यांच्या मागे लागली होती. जॅस्पर जॉन्स आणि रॉबर्ट राउशेनबर्ग हे दोघे टोपणनावाने त्याच शहरात दुकानांच्या खिडक्या सजवून पोट भरत होते. 1987 मध्ये न्यू म्युझियमने ब्रॉडवेवरची आपली खिडकी अॅक्ट अप या एड्सविषयी लढणाऱ्या गटाला दिली. गुलाबी त्रिकोणाखाली ‘सायलेन्स इक्वल्स डेथ’ असं निऑनमध्ये लिहिलेली ती मांडणी रस्त्यावर नसती तर तिचं काही कामच नव्हतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ब्रॉडवे विंडोज 1984 पासूनच्या. कॅनडात व्हँकुव्हरची कंटेम्पररी आर्ट गॅलरी नेल्सन स्ट्रीटवरच्या आपल्या दर्शनी काचांमध्ये नेमाने प्रदर्शनं लावते. आणि कॅलगरीत तर प्लस फिफ्टीन आहे.

त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची खिडकी नक्की कुठल्या मजल्यावर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे. डाउनटाउनच्या इमारतींना जोडणारे हे बंदिस्त पूल जमिनीपासून साधारण 15 फूट उंच, म्हणून नाव प्लस फिफ्टीन. 1970 पासून वाढत वाढत ते जाळं आता 16 किलोमीटरच्या आसपास पसरलं आहे. जानेवारीत नोकरदार माणूस गाडीतळावरून कचेरीत, कचेरीतून जेवायला आणि परत, असा पूर्ण दिवस रस्त्यावर पाऊल न ठेवता काढू शकतो. म्हणजे थंडीत दुपारची खरी वर्दळ वर असते, खाली स्टीफन अॅव्हेन्यूवर नसते. उलट संध्याकाळी सहानंतर आणि शनिवार-रविवारी वरचे मजले ओस पडतात. खाली मात्र नाटकाला, हॉकीला, जेवायला निघालेली माणसं असतात. वर्कलंड सेंटर (आधीचं आर्ट्स कॉमन्स) या नाट्यसंकुलात याच पुलाच्या पातळीवर खिडकी-गॅलऱ्या आहेत, आणि न्यू गॅलरी, ट्रक यांसारख्या कलाकारांनीच चालवलेल्या संस्थांनी तिथे वर्षानुवर्षं प्रदर्शनं लावली आहेत. सध्या त्या संकुलाच्या नूतनीकरणाचं काम चाललंय, तेव्हा पुढे तिथे अर्ज करायचा झाला तर आधी चौकशी करा.

तुमची खिडकी वरची असेल तर दुपारच्या प्रेक्षकासाठी काम करा: माणूस उबेत आहे, हातात कॉफी आहे, दोन मिनिटं थांबू शकतो, बारीक तपशील वाचू शकतो. खालची असेल तर संध्याकाळच्या अंधारासाठी काम करा. रिकाम्या दुकानाची म्हणताय त्यावरून ती खालचीच असावी, पुढचं ते धरून लिहिते.

काच दिवसा आरशासारखी वागते. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा जास्त आहे तोवर बघणाऱ्याला स्वतःचा कोट, समोरची इमारत आणि जाणारी बस दिसते, तुमचं चित्र नाही. त्यातही चित्राचा गडद भाग आधी नाहीसा होतो, कारण प्रतिबिंब गडद जागेवरच उठून दिसतं. सावलीतली आमराई, पावसाळी आभाळाखालचा कातळ असं काही मोठ्या भागात असेल तर दुपारी तिथे फक्त समोरची बँक दिसेल. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो, आणि कचेऱ्या सुटतात साडेचार ते सहा. थंडीतल्या खिडकीचा हा सगळ्यात मोठा फायदा. अंधार आणि गर्दी एकाच वेळी येतात. जूनमध्ये हीच खिडकी रात्री दहापर्यंत दिव्यांना दाद देत नाही, म्हणून मला विचाराल तर उन्हाळ्यापेक्षा हे दोन महिने चांगले.

जाऊन आधी दोन वेळा बघून या, एकदा दुपारी एकला, एकदा संध्याकाळी पाचला. खिडकी कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा. स्टीफन अॅव्हेन्यू पूर्व-पश्चिम जाते, त्यामुळे तिथली दुकानं एक तर उत्तरेकडे तोंड करून असतात नाही तर दक्षिणेकडे. उत्तरेकडची खिडकी मिळाली तर नशीब समजा. दक्षिणेकडची असेल तर डिसेंबरातलं ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. आपण 51 अक्षांशावर आहोत, ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15-16 अंशांवर असतो. मुंबईत छपराची वळचण जे ऊन अडवते ते इथे आडवं येतं. समोर उंच इमारत असेल तर तीच तुमचं छप्पर.

आता जलरंग. संग्रहालयं कागदावरच्या कामावर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, थेट उन्हात हा आकडा हजारोंच्या घरात जातो. साधी काच अतिनील किरणांचा सगळा भाग अडवत नाही, आणि दिसणारा उजेडही रंग उडवतोच. अलिझरीन क्रिमझन वापरून काढलेलं कोकणातलं संध्याकाळचं आभाळ दोन महिन्यांत फिकं पडू शकतं. शिवाय काचेच्या फ्रेममधलं चित्र खिडकीच्या काचेमागे लावलं की प्रतिबिंबावर प्रतिबिंब. आणि हाफ इम्पिरियल म्हणजे 15 बाय 22 इंच. रस्त्याच्या पलीकडून ते पोस्टकार्डाएवढं दिसेल.

म्हणून माझा सल्ला: मूळ चित्रं घरी ठेवा. त्यातलं एक, फार तर दोन, निवडून 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) नीट स्कॅन करा. चौपट वाढवलं तरी 150 डीपीआय उरतात आणि चित्र पाच बाय सात फुटांच्या वर जातं. फूटपाथवरून बघायला तेवढं भरपूर. जलरंग असा वाढवला की एक गंमत होते. कागदाचा दाणा, रंग साचून सुकलेली कड, कोरड्या कुंचल्याचा फराटा, हे सगळं हाताएवढं मोठं होतं आणि चित्रकार नसलेला माणूसही ‘हे कसं केलं असेल’ म्हणून थांबतो. छपाई मॅट कागदावर किंवा कापडावर घ्या, चकचकीत नको. कापड घेतलंत तर आग प्रतिबंधक प्रकारचं आहे याचा कागद दुकानाकडून घेऊन ठेवा, इमारतीचा व्यवस्थापक कधीही मागू शकतो.

मूळ चित्रच दाखवायचं मनात असेल तर शेवटच्या आठवड्यात, आतल्या मागच्या भिंतीवर, ऊन पोचत नाही अशा जागी एकच लावा, आणि त्यावर प्रकाश टाका. दोन महिने प्रत बघितलेल्या लोकांना मूळ चित्र एवढंसं होतं हे कळतं, तो धक्का मजेदार असतो.

दिवे. छतावरच्या ट्यूब बंद करा, त्या काचेत पांढऱ्या पट्ट्या होऊन दिसतात. दोन्ही बाजूंनी तिरके टाकलेले एलईडी स्पॉट, साधारण 4000 केल्विन, आणि खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो तो आकडा, 90 किंवा जास्त. टायमर दुपारी तीनपासून मध्यरात्रीपर्यंत. भारतातून आणलेले दिवे किंवा माळा वापरू नका. इथली वीज 120 व्होल्टची आहे, आणि जागेचा मालक सीएसए किंवा तत्सम कॅनडात मान्य असलेला शिक्का नसलेलं उपकरण लावू देणार नाही, द्यायलाही नको. दिवे लावून झाले की रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि तिथून बघा. मग फूटपाथवर या, मग काचेला नाक लावून बघा. तिन्ही अंतरांवर काहीतरी मिळायला हवं: लांबून आकार, मधून चित्र, जवळून तपशील.

थंडीबद्दल पहिला प्रश्न हा विचारा: दुकान रिकामं असताना आतली हीटिंग किती अंशांवर ठेवतात? काही मालक पाइप गोठू नयेत इतपतच चालू ठेवतात. तसं असेल तर चिकटपट्ट्या आणि चिकट हुक विसरा, थंडीत ते सुटतात, आणि सुटतात ते रात्री. छताच्या पट्टीला किंवा आडव्या पाइपला बारीक स्टीलच्या तारेने टांगणं सगळ्यात भरवशाचं. काचेवर चिकटवायची व्हायनल अक्षरं काच फार गार असताना बसत नाहीत, ती नोव्हेंबरातल्या एखाद्या ऊबदार दिवशी किंवा आत हीटर लावून काच कोमट झाल्यावर लावा. आणि पुढेमागे अॅक्रिलिकमध्ये काही केलंत तर गोठत्या खोलीत त्याची गुंडाळी उलगडू नका, अॅक्रिलिकचा थर थंडीत ठिसूळ होतो आणि तडकतो.

त्यात चिनूक. पश्चिमेकडून हा कोरडा उबदार वारा सुटला की काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी चढतं, दोन दिवसांनी परत तसंच घसरतं. आत जरा दमट हवा असेल तर प्रत्येक घसरणीला काचेच्या आतल्या बाजूने घाम येतो. आधी खालच्या कडेला दोन बोटं धुकं, मग ओघळ, मग चौकटीच्या खाचेत साचलेलं पाणी, आणि फार थंडी असेल तर सकाळी तिथे बर्फाची वेल उमललेली. काचेला टेकलेला कागद हे पाणी टिपून घेतो आणि खालून वर लहरी उठतात. म्हणून काच आणि काम यांच्यात निदान 15 सेंटीमीटर अंतर, खाली जमिनीवर काही ठेवायचं तर फळीवर, आणि काचेच्या पायथ्याशी एक छोटा पंखा सगळ्यात कमी वेगावर सतत चालू. वीस-पंचवीस डॉलरच्या त्या पंख्याने मी वाचवलेल्या खिडक्या बऱ्याच आहेत.

आता पैशांचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. कॅनडात 1988 पासून कलाकाराला प्रदर्शनाचा हक्क कायद्याने आहे. 7 जून 1988 नंतर घडवलेली कलाकृती, विक्री किंवा भाडं सोडून दुसऱ्या हेतूने लोकांसमोर प्रदर्शनात मांडायची तर परवानगी कलाकाराची लागते, आणि त्या परवानगीचे पैसे मागायचा अधिकार कलाकाराला आहे. आपल्याकडच्या कायद्यात असा वेगळा हक्क नाही. जहांगीरला आपणच भाडं भरतो, त्यामुळे ‘चित्र लावायचे पैसे मागायचे’ हे आपल्या तोंडातून निघतच नाही. इथे हा हक्क आपोआप आला नाही. 1967 च्या सुमारास नॅशनल गॅलरीने मानधनाविना चित्रांच्या स्लाइड बनवायची परवानगी मागितली, त्यावरून ठिणगी पडली, आणि 1968 मध्ये ऑन्टारियोतल्या लंडन गावचे चित्रकार जॅक चेंबर्स यांच्या पुढाकाराने कारफॅक ही कलाकारांची संघटना उभी राहिली. ती दरवर्षी किमान मानधनाचा तक्ता प्रसिद्ध करते. तो उघडा, एकल प्रदर्शनाचा सगळ्यात खालचा आकडा काढा आणि संस्थेला नम्रपणे पाठवा: माझी मागणी या तक्त्याप्रमाणे आहे, तुमच्या अंदाजपत्रकात काय बसतं ते कळवा. बहुतेक वेळा काही ना काही बसतं. छपाई, दिवे आणि व्हायनल अक्षरं यांचा खर्च त्यांचा, हे मानधनापासून वेगळं लिहा.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. हा हक्क ‘विक्रीव्यतिरिक्त’ प्रदर्शनापुरताच आहे. खिडकीत किमतीच्या चिठ्ठ्या लावल्यात की समोरचा म्हणू शकतो की हे विक्रीचं प्रदर्शन आहे. म्हणून खिडकीत किंमत लिहू नका.

रिकाम्या दुकानाच्या मालकाला यात काय मिळतं? तपकिरी कागद लावलेली काच जाऊन काहीतरी जिवंत दिसतं, आजूबाजूच्या दुकानदारांना बरं वाटतं, गाळा भाड्याने जायची शक्यता वाढते. व्यापारी मंडळं, ज्यांना इथे बी. आय. ए. म्हणतात, ती याचसाठी जन्मली. जगातलं पहिलं 1970 मध्ये टोरंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये झालं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात 2008 पासून रिन्यू न्यूकॅसल या उपक्रमाने रिकामे गाळे कलाकारांना भाडेपट्ट्याने न देता महिन्या-महिन्याच्या परवान्यावर दिले, आणि तो नमुना पुढे बऱ्याच ठिकाणी उचलला गेला. यात उपकार कुणाचे कुणावर नाहीत. पण याचा अर्थ असाही की चांगला भाडेकरू आला तर तुम्हाला उठावं लागेल. करारात निदान 14 दिवसांची सूचना मागा, आणि लवकर उठवलं तरी मानधन पूर्ण, हे लिहून घ्या. आणखी एक वाक्य हवंच: ‘फॉर लीज’ची पाटी अमुक कोपऱ्यात, अमुक मापाची. नाही तर उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी दलाल येऊन ती चित्राच्या बरोबर मध्ये डकवून जातो आणि कुणाला फोन करायचा हे कुणालाच माहीत नसतं. हे माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

कामाला हात लावायचा नाही हेही लिहा. 1939 मध्ये बॉनविट टेलरने साल्वादोर दालीची खिडकी त्याला न विचारता बदलली, तो आत शिरला आणि झटापटीत बाथटब काच फोडून फूटपाथवर आला. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, इथला कायदा तुमच्या बाजूने आहे. टोरंटोच्या ईटन सेंटर या मॉलमध्ये मायकेल स्नो यांचे साठ उडते हंस टांगलेले आहेत. नाताळात मॉलने त्यांच्या गळ्यात लाल फिती बांधल्या. स्नो कोर्टात गेले, व्हीनसच्या पुतळ्याच्या कानात डूल घालण्यासारखं आहे म्हणाले, आणि 1982 मध्ये न्यायाधीशांनी फिती उतरवायला लावल्या. आपल्याकडे विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाबद्दल अमरनाथ सेहगल यांचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात अशाच हक्कावर लढला गेला आणि 2005 मध्ये त्याचा निकाल लागला, तो तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. तुमची खिडकी डिसेंबरातली आहे. कुणीतरी तिच्यात झुरमुळ्या लावायला येणारच.

विमा: मालक बहुधा वीस लाख डॉलरच्या सार्वजनिक दायित्वाच्या विम्याचं प्रमाणपत्र मागेल. ते संस्थेच्या पॉलिसीवर काढायला सांगा, तुम्ही एकट्याने काढू नका. मानधन हे स्वयंरोजगाराचं उत्पन्न आहे, करविवरणात दाखवा. तुमचा पी. आर. आहे म्हणून प्रश्न नाही, पण हे वाचणारं कुणी एकाच मालकाशी बांधलेल्या (क्लोज्ड) वर्क परमिटवर किंवा स्टडी परमिटवर असेल तर पैसे घेण्याआधी परमिटवरच्या अटी वाचा.

‘तुमच्या देशाची संस्कृती’ हा विषय. तो देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. त्यांच्या अहवालात एक चौकट असते, ती भरायची असते. पण त्या चौकटीत शिरलात की लोक तुमच्याकडून रांगोळी, मोर आणि वारली मागतील. वारलीबद्दल विशेष सांभाळा. ती डहाणू-तलासरीकडच्या आदिवासींची कला आहे, जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्यांनी ती जगापुढे नेली, आणि आज तिला भौगोलिक मानांकनही आहे. आपण मुंबईकर म्हणून ती ‘आपली’ असं इथे सांगत सुटणं बरोबर नाही, आणि कॅलगरीत तर मुळीच नाही. हे शहर ट्रीटी सेव्हनच्या, म्हणजे मूळ रहिवासी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या कराराच्या, भूमीवर आहे, आणि इथल्या मूळ रहिवाशांची चित्रशैली इतरांनी वापरण्यावरून कलाक्षेत्रात खूप वाद झालेले आहेत. तुम्ही वारली काढलीत तर कुणीतरी नेमका प्रश्न विचारेल, आणि तो रास्त असेल.

तुमच्याजवळ त्याहून चांगलं आहे. घाटमाथ्यावरचं धुकं रंगवणाऱ्या माणसाला बो नदीवरून उणे पंचवीसला उठणारी वाफ कशी दिसते? हे दोन्ही शेजारी शेजारी लावा. कॅलगरीच्या माणसाने ती वाफ हजारदा पाहिली आहे, पण सह्याद्री रंगवलेल्या हाताने कुणी ती रंगवलेली त्याने पाहिलेली नाही. संस्थेला सांगा, विषय हाच ठेवू या. मला अनुभव असा आहे की ठोस दुसरा विषय पुढे केला की ती मंडळी सुटकेचा निःश्वास सोडतात.

‘न्यूकमर’ शिक्क्याचं माझं मत सरळ आहे: अर्जात वापरा, काचेवर लिहू नका. टोरंटो आर्ट्स कौन्सिलसारख्या संस्थांच्या न्यूकमर आणि निर्वासित कलाकारांसाठी वेगळ्या योजना आहेत. इथे कॅलगरी आर्ट्स डेव्हलपमेंटच्या योजना बघत राहा. कॅनडा कौन्सिल या देशपातळीवरच्या कलासंस्थेकडे पी. आर. असलेली व्यक्ती अर्ज करू शकते. हे पैसे तुमच्यासाठीच आहेत, संकोच करू नका. पण काचेवर नाव, चित्राचं नाव, वर्ष, माध्यम आणि तुम्ही स्वतः लिहिलेली साठ-सत्तर शब्दांची ओळख, एवढंच. ओळख त्यांना लिहू दिलीत तर पहिल्या वाक्यात तुम्ही देश सोडलेला असेल आणि चौथ्या वाक्यात आशा गवसलेली असेल. तुम्ही कुठे कशासमोर बसून रंगवता ते लिहा. नावाची अक्षरं मोठी: पाटी रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशोब असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येतं. क्यूआर कोड लावा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. उणे वीसला हातमोजा काढून कुणी कोड स्कॅन करत नाही. तो नाव लक्षात ठेवून घरी जाऊन शोधतो. म्हणून नाव इंग्रजीत लिहाल ते स्पेलिंग आणि तुमच्या संकेतस्थळावरचं स्पेलिंग एकच हवं.

विक्री? खिडकीतून चित्र विकलं गेल्याची उदाहरणं माझ्याकडे थोडी आहेत. तिथून येतं ते वेगळंच. एखाद्या दवाखान्याला प्रतीक्षागृहासाठी चित्र हवं असतं, शाळा कार्यशाळेला बोलावते, वाचनालय दुसरी भिंत दाखवतं, आणि कलाकारांनीच चालवलेल्या एखाद्या गॅलरीतलं कुणी जाता-येता बघून ठेवतं. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं, पण ते आपणहून फोन करत नाहीत. तुम्ही त्यांना बोलावलं पाहिजे. चायनाटाउनमध्ये न्यू गॅलरी आहे, तिच्यासारख्या चार-पाच ठिकाणी उद्घाटनाआधी स्वतः जाऊन या, त्यांची प्रदर्शनं बघा, मग पत्र लिहा. उद्घाटन फूटपाथवर ठेवा, अर्ध्या तासाचं, गरम चहासह. मराठी मंडळाला जरूर बोलवा, पण तेवढ्यावर थांबू नका. नाही तर संध्याकाळ छान जाते आणि शहराला पत्ताच नसतो.

फोटो नीट काढा, पुढचा अर्ज त्यांवरच उभा राहणार आहे. संध्याकाळी पाच ते साडेपाच, आभाळात निळसरपणा शिल्लक असताना. एक संपूर्ण दर्शनी भाग, एक कुणीतरी काचेपुढे उभं असताना म्हणजे मापाचा अंदाज येतो, आणि दोन-तीन जवळून. जवळच्या फोटोत तुम्ही आणि तुमचा कॅमेराच दिसत असेल तर एका मोठ्या काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडा, दोघांनी ते काचेसमोर धरायचं आणि भोकातून फोटो काढायचा. प्रतिबिंब जातं.

उतरवण्याचा दिवस करारातच ठरवून घ्या आणि दोन तास धरून ठेवा. व्हायनल अक्षरं हेअर ड्रायरने कोमट करून काढा, गार काचेवर पातं घासू नका. रिकाम्या खिडकीचा तारखेसह फोटो मालकाला पाठवा म्हणजे नंतर ओरखड्यांवरून वाद नको. मोठ्या छापील प्रती गुंडाळून घरी आणा. संस्थेला त्यांच्या कचेरीत लावायच्या असतील तर तो नवा वापर आहे, त्याचा वेगळा करार करा, आणि स्कॅनची मूळ फाइल कुणालाही देऊ नका. मानधनाचं बिल उद्घाटनाच्या दिवशी अर्धं आणि उतरवण्याच्या दिवशी अर्धं असं पाठवा. संस्थांचं आर्थिक वर्ष बहुतेक ठिकाणी 31 मार्चला संपतं, फेब्रुवारीतलं बिल सहज निघतं, एप्रिलमध्ये गेलेलं लोंबकळत राहतं.